फेराइटवर पीएचडी करू का?

प्रश्न : मी एमएस्सी भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी सरांनी निकेल-झिंक फेराइट (लोहाच्या ऑक्साइडवर आधारलेलं चुंबकी सिरॅमिक) दिलंय आणि पुढे याच विषयात पीएचडी कर, असं ते म्हणतात. सीनियर्स मात्र सांगतात, ‘फेराइटचा पार चोथा झालाय, नोकरी मिळणार नाही.’ मला विषय आवडतोय, पण भीती वाटते. काय करू?

उत्तर : सीनियर्सचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. सोल-जेलने (द्रावणाचं जेल करून) पावडर करायची, एक्सआरडी (क्ष-किरणांचा विवर्तन आलेख) काढायचा, 35.5 अंशांच्या आसपासचं 311 प्रतलांचं शिखर दाखवायचं, व्हीएसएमचा (चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्राचा) लूप जोडायचा आणि पेपर पाठवायचा, या साच्याचा चोथा नक्कीच झालाय. धातू बदलून तेच करत राहिलीस तर पदवी मिळेल, पण मुलाखतीत ‘तुम्ही नेमकं काय शोधलंत?’ या प्रश्नावर अडशील.

पण तुझ्या हातातलं निकेल-झिंक नीट बघ. त्याची स्फटिकरचना स्पिनेल जातीची. स्पिनेलच्या एका युनिट सेलमध्ये (पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यात) 32 ऑक्सिजन आयन असतात आणि त्यांच्यामधल्या पोकळ्यांत 24 धातूंचे आयन बसतात. 8 टेट्राहेड्रल म्हणजे ए-साइटवर, 16 ऑक्टाहेड्रल म्हणजे बी-साइटवर. ए आणि बीवरच्या आयनांचे मोमेंट (प्रत्येकाचं छोटं चुंबकत्व) एकमेकांच्या विरुद्ध, म्हणून हाती लागते ती वजाबाकी. निकेल फेराइटमध्ये निम्मं लोह ए-वर, निम्मं बी-वर, त्यामुळे लोहाचा हिशेब शून्य होतो आणि निकेलचे 2 बोर मॅग्नेटॉन (मोमेंटचं एकक) उरतात. आता यात झिंक घाल. झिंकला स्वतःचा मोमेंटच नाही, म्हणजे चुंबकत्व कमी व्हायला हवं. होतं उलटं! झिंक ए-साइट पकडतं, तिथलं लोह बी-वर ढकलतं आणि वजाबाकीत वजा होणारा आकडाच लहान होतो. झिंकचं प्रमाण 0.3 (म्हणजे निकेल 0.7) असेल तर हिशेबाने 4.4 बोर मॅग्नेटॉन येतात. हाच हिशेब झिंक 1 पर्यंत ताणला तर 10 यायला हवेत. प्रत्यक्षात शुद्ध झिंक फेराइट खोलीच्या तापमानाला पॅरामॅग्नेटिक (स्वतःचं कायम चुंबकत्व नसलेलं) असतं. कारण ए-वर चुंबकी आयन उरले नाहीत की ए-बी ओढ ढिली पडते आणि बी-वरचे मोमेंट आपसातच तिरके होऊ लागतात. या विरुद्ध दिशांच्या मोमेंटचा सिद्धांत लुई नील यांनी 1948 मध्ये मांडला. 1970 च्या नोबेलमागे तेही काम होतं.

मग नवीन काय उरलं? कुठला आयन कुठे बसलाय, हेच. लोह 26, निकेल 28, झिंक 30, इलेक्ट्रॉनांची संख्या इतकी जवळ की साध्या एक्सआरडीला त्यांच्यात फरक करणं जड जातं. त्यासाठी मॉसबाउअर (गॅमा किरणांनी लोहाची जागा ओळखायची पद्धत) किंवा न्यूट्रॉन डिफ्रॅक्शन हवं. शिवाय कण नॅनोमीटरवर आणले की झिंक फेराइटसुद्धा आपली शिस्त मोडतं: थोडं झिंक बी-वर जातं आणि पदार्थ चुंबकत्व दाखवू लागतो. बनवण्याची पद्धत बदलली की ही वाटणीही बदलते. इथे पीएचडीएवढं काम सहज आहे.

नोकरीचं म्हणशील तर चार्जरमधला ट्रान्सफॉर्मर, केबलवरचा जाड मणी, सगळीकडे स्पिनेल फेराइटच. कमी वारंवारतेला मँगनीज-झिंक, वरच्या वारंवारतेला जास्त रोधकता असलेलं निकेल-झिंक. गॅलियम नायट्राइडच्या स्विचमुळे पॉवर सप्लायची वारंवारता वर सरकतेय आणि कोअरचं मटेरियल तिथे मागे पडतंय. पण कंपनीला लूपच्या आकृतीत रस नसतो. पर्मिअ‍ॅबिलिटी (पदार्थ चुंबकी क्षेत्राला किती साथ देतो) किती, कोअर लॉस (कोअरमध्ये वाया जाणारी ऊर्जा) तापमानाबरोबर कसा बदलतो, सिंटरिंगनंतर (पावडर भाजून घट्ट केल्यावर) कण केवढे झाले, हे ते विचारतील. त्या मोजण्या आत्ताच शिकून घे. (आणि लाउडस्पीकरमधला ‘फेराइट मॅग्नेट’ स्पिनेल समजू नकोस, तो षट्कोनी जातीचा बेरियम किंवा स्ट्रॉन्शियमचा असतो. मुलाखतीत यावर बरेच घसरतात.) रिएटवेल्ड विश्लेषण (एक्सआरडीच्या आलेखातून स्फटिकरचना काढणं) हाताला बसलं तर बॅटरी, सिरॅमिक, औषधांचे स्फटिक, कुठेही चालतं.

सरांना भेटून स्पष्ट विचार : पीएचडीचा प्रश्न एका वाक्यात काय आहे? मॉसबाउअरची वेळ कुठून मिळणार? त्यांच्याकडून बाहेर पडलेले विद्यार्थी सध्या काय करतात? शेवटच्या प्रश्नाला संकोचू नकोस, चांगला गाइड आनंदाने सांगतो.

सध्या प्रकल्पात झिंक 0 पासून 1 पर्यंत पायरीपायरीने वाढवून नमुने कर. व्हीएसएमचं एमएस (संपृक्त चुंबकत्व, ईएमयू प्रतिग्रॅममध्ये) गुणिले रेणुभार भागिले 5585, असं करून मोमेंट काढ आणि नीलच्या (वर सांगितलेल्या हिशेबाच्या) रेषेशेजारी ठेव. खोलीच्या तापमानाला आकडे खालीच येतील, कारण झिंकबरोबर क्युरी तापमानही (ज्यावर चुंबकी शिस्त मोडते ते) घसरतं. ते धरूनच तुलना कर. तुझे बिंदू रेषेपासून फुटतात ती जागा सापडली आणि ‘इथेच का?’ याचा छडा लावावासा वाटला, तर सरांना हो म्हण. नुसता आलेख चांगला आला म्हणून बरं वाटलं, तर एमएस्सीनंतर थेट मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये अर्ज कर. पीएचडी दोन वर्षांनीही करता येते.