गाडी रस्त्यात बंद पडली, तरी जॉबकार्डवर ‘दोष नाही’

प्रश्न : चालू गाडीत टक्‌ असा आवाज झाला, ‘इलेक्ट्रिकल सिस्टीम तपासा’ असा संदेश आला आणि वेग कमी होत इलेक्ट्रिक कार थांबली. मुख्य बॅटरी साठ टक्के भरलेली होती. सर्व्हिस सेंटरने रीसेट करून दोष नाही म्हणून परत दिली. वापरू का?

उत्तर : कारण सापडेपर्यंत भरधाव रस्त्यावर नेऊ नका. पहिला संशय १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर आणि तिला चार्ज करणाऱ्या डीसी-डीसी कन्व्हर्टरवर घ्या. इलेक्ट्रिक गाडीत अल्टरनेटर (इंजिनवर फिरून छोटी बॅटरी चार्ज करणारं जनित्र) नसतो. त्याचं काम हा कन्व्हर्टर करतो. तो बंद पडला की छोटी बॅटरी उतरत जाते. मुख्य बॅटरी जोडणारे कॉन्टॅक्टर (मोठे विजेचे स्विच), पॉवर स्टिअरिंग, कंट्रोल युनिट हे सगळं तिच्यावरच चालतं, म्हणून साठ टक्के चार्ज असूनही गाडी थांबते. तो आवाज कन्व्हर्टरचा फ्यूज उडाल्याचा असू शकतो.

छोट्या बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावून बघा. लेड-ॲसिड बॅटरी असेल तर काही तास बंद ठेवलेल्या गाडीत १२.४ ते १२.७ व्होल्ट दिसायला हवेत. गाडी ‘रेडी’ (चालवायला तयार) केल्यावर साधारण १३.५ ते १४.७. काही गाड्या बॅटरी भरल्यावर हा आकडा मुद्दाम थोडा खाली ठेवतात, त्यामुळे एका मोजणीवर जाऊ नका. ‘रेडी’ असताना आकडा मिनिटागणिक घसरत असेल, तर चार्जिंग होत नाहीये. उच्च दाबाच्या नारिंगी केबलला मात्र हात लावायचा नाही.

नुसती नवी छोटी बॅटरी बसवून घेऊ नका. कन्व्हर्टर बिघडलेला असेल तर तीही उतरेल. पुढच्या वेळी रीसेट करण्याआधी स्कॅन करायला सांगा, कारण फॉल्ट कोड (गाडीच्या संगणकाने केलेल्या बिघाडाच्या नोंदी) पुसले की पुरावाच जातो. कोडची छापील प्रत मागा. जॉबकार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीवर, ‘गाडी बंद पडते’ एवढंच नको : वेग, चार्जची टक्केवारी, बाहेरचं तापमान, किलोमीटर रीडिंग आणि संदेशाचे नेमके शब्द लिहून घ्या. १७ अक्षर-अंकांचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून उत्पादकाच्या साइटवर रिकॉलही (दोष दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावल्या आहेत का) तपासा. दारं विजेवर उघडणारी असतील, तर हाताने उघडायची कळ कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना आजच दाखवा.

प्रश्न : शंभर टक्के चार्ज करून निघालो, ॲक्सिलरेटर सोडला तरी गाडी नेहमीसारखी मंदावेना. ब्रेक गेले का?

उत्तर : बहुधा नाही. ॲक्सिलरेटर सोडल्यावर मोटर गाडीला मागे ओढत वीज बनवते, याला रिजनरेशन म्हणतात. भरलेल्या किंवा फार थंड बॅटरीत ही वीज मावत नाही, म्हणून ती ओढ कमी होते. पेडल दाबा, चाकांचे ब्रेक काम करतात. रोज ८० टक्क्यांवर थांबलात तर हा फरक फारसा जाणवणार नाही. पण पेडल दगडासारखं घट्ट लागलं, खोल गेलं किंवा लाल दिवा लागला, तर तो खरा ब्रेकचा बिघाड. गाडी टो करूनच न्या.

प्रश्न : तळाला दगड लागला. गाडी मात्र व्यवस्थित चालतेय.

उत्तर : तरीही लिफ्टवर चढवून बॅटरीच्या आवरणाला पोचा आहे का, कूलंट गळतंय का ते बघून घ्या. बॅटरीच्या आतल्या सेलला लागलेली इजा उशिराही उफाळू शकते. तोवर गाडी उघड्यावर, इमारतीपासून लांब लावा. फुसफुस आवाज, सॉल्व्हंटसारखा वास किंवा पांढरा धूर जाणवला तर सामान सोडून लांब व्हा आणि अग्निशमन दलाला ‘इलेक्ट्रिक गाडी आहे’ हे आधी सांगा. विझलेली बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पुन्हा पेट घेऊ शकते.