रहस्यमालिकांमधल्या चकव्यांमुळे कथा रंगते की बिघडते?

रंगते, पण चकवा म्हणून ज्या पात्राकडे बोट दाखवलं, त्याच्यावरचा संशय फिटल्यावरही त्याची गोष्ट उरत असेल तरच. 'ब्रॉडचर्च' या ब्रिटिश खून-तपासाच्या मालिकेच्या पहिल्या पर्वातला (2013) पेपरविक्रेता जॅक मार्शल बघा. खून त्याने केलेला नसतो. पण त्याचा भूतकाळ वर्तमानपत्रं उकरून काढतात, गाव त्याच्यावर उलटतं आणि त्यातच त्याचा जीव जातो. तपासासाठी तो फसवा धागा, पण मला तरी त्या पर्वातला सगळ्यात जिव्हारी लागणारा भाग तोच वाटतो. (खरा खुनी सांगत नाही, काळजी नसावी.) शिवाय इथे पुरावा खोटा नसतो, आपण लावलेला अर्थ चुकतो.

बिघडतं ते भागाच्या शेवटी नवा संशयित आणून पुढच्या भागात लगेच त्याला निर्दोष सोडलं की. असं दोन-तीनदा झालं की प्रेक्षक पुरावे सोडून हिशोब मांडतो: अजून चार भाग बाकी आहेत, म्हणजे हा नक्कीच नाही. 'द किलिंग' या डॅनिश मालिकेच्या अमेरिकी आवृत्तीने 2011 मध्ये 13 भाग संशयाची सुई फिरवत ठेवली आणि पर्व संपलं तरी खुनी सांगितला नाही. प्रेक्षक भडकले, आणि बरोबरच होतं त्यांचं.