वाचकांचे प्रश्न : मसल कार युरोपात विकावी का?

प्रश्न : मसल कार म्हणजे भलंमोठं व्ही-८ इंजिन, लांबलचक बॉनेट आणि पेट्रोल प्यायला कायम तयार. अमेरिकेत सरळ रस्ते आणि स्वस्त पेट्रोल, तिथे ते खपतं. युरोपात गल्ल्या अरुंद, पेट्रोल महाग, प्रदूषणाचे नियम कडक. तिथे या गाड्या विकाव्यातच कशाला?
– एक वाचक, पुणे

उत्तर : विकाव्यात. मात्र कंपनीनं स्वतः, युरोपच्या नियमांत बसवून विकाव्यात. अधिकृत विक्री नसली म्हणून या गाड्या यायच्या थांबत नाहीत. ब्रेमरहाफेन, रॉटरडॅम आणि लिथुआनियातल्या क्लाइपेडा बंदरात त्या वापरलेल्या, लिलावात घेतलेल्या, कधी पुरात बुडालेल्या किंवा अपघातातून उभ्या केलेल्या अवस्थेत उतरतात. तेव्हा गाडी येणारच. प्रश्न आहे तो ती कुठल्या दारानं येते याचा.

फोर्ड मस्टँगचंच पाहा. एप्रिल १९६४ मध्ये ती बाजारात आली, तेव्हा जर्मनीत 'मस्टँग' नावाचा हक्क ट्रक बनवणाऱ्या क्रुपकडे होता, म्हणून तिथे ती 'टी-५' नावानं विकली गेली. १९६९ मध्ये फोर्डनं युरोपच्या मापाची काप्री काढली, १९७० मध्ये ओपेलनं मांटा. म्हणजे लांब बॉनेटची हौस युरोपलाही होती, फक्त अंगरखा लहान हवा होता. कारखान्यातूनच उजव्या स्टिअरिंगची मस्टँग मात्र २०१५ च्या सहाव्या पिढीपर्यंत मिळाली नाही.

ही गाडी अधिकृतपणे विकायला आली म्हणूनच युरो एनकॅपनं, म्हणजे गाड्यांच्या सुरक्षेची चाचणी घेणाऱ्या युरोपीय संस्थेनं, ती आपटून पाहिली. जानेवारी २०१७ च्या निकालात तिला पाचपैकी दोनच तारे मिळाले. पुढच्या एअरबॅग पुरेशा फुगल्या नाहीत, पूर्ण रुंदीच्या धडकेत मागचा प्रवासी पट्ट्याखालून घसरला आणि आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा नव्हती. त्याच वर्षी सुधारित गाडीत ती यंत्रणा आली आणि तारे तीन झाले. तीन तारे काही कौतुकाचे नाहीत. पण दोष जाहीर झाला आणि कंपनीला काहीतरी करावं लागलं. डॉज चॅलेंजर कंपनीनं स्वतः युरोपात विकलीच नाही, त्यामुळे त्या चाचणीत ती कशी ठरली असती याचा कागद कुठेही नाही. तरी ती युरोपच्या रस्त्यांवर धावतेच आहे.

प्रदूषणाचा मुद्दा खरा आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. शंभर किलोमीटरला १२ लिटर म्हणजे किलोमीटरला २७० ग्रॅमच्या पुढे. २०२५ पासून युरोपीय संघात नव्या मोटारींच्या सरासरीचं लक्ष्य ९३.६ ग्रॅम आहे आणि वरच्या प्रत्येक ग्रॅमला, प्रत्येक गाडीमागे ९५ युरो दंड. दंड कंपनीच्या एकूण सरासरीवर लागतो. तरी इतर गाड्यांनी भार उचलला नाही असं धरलं, तर २७० ग्रॅमची एक गाडी (२७० – ९३.६) × ९५ म्हणजे सुमारे १६,७६० युरोंचा बोजा आणते. म्हणून कंपन्या जोडीला विजेच्या गाड्या विकतात, किंवा कमी प्रदूषणवाल्या कंपनीशी गट करून हिशेब एकत्र दाखवतात. थोड्या हौशी लोकांनी थोड्या गाड्या घ्याव्यात आणि त्याची पूर्ण किंमत मोजावी, अशी ही व्यवस्था आहे. बंदीपेक्षा ती शहाणपणाची आहे.

प्रश्न : स्टुटगार्टला नोकरी आहे. नवी मस्टँग ५.० जीटी घ्यायचा विचार चालू आहे. वर्षाचा कर किती? आणि अमेरिकेतल्या गाडीपेक्षा इथल्या गाडीत ताकद कमी का लिहिलेली असते?
– एक वाचक, जर्मनी

उत्तर : जर्मनीत नोंदणीच्या वेळी एकरकमी प्रदूषण कर नाही, हे तुमचं नशीब. वार्षिक कराचे दोन भाग. इंजिन ५,०३८ सीसी. दर १०० सीसीला किंवा तिच्या भागाला २ युरो, म्हणजे ५१ हिस्से, १०२ युरो. दुसरा भाग कार्बन डायऑक्साइडचा, तो किलोमीटरला ९५ ग्रॅमच्या वर टप्प्याटप्प्यानं चढतो. ११५ पर्यंत ग्रॅममागे २ युरो, १३५ पर्यंत २.२०, १५५ पर्यंत २.५०, १७५ पर्यंत २.९०, १९५ पर्यंत ३.४० आणि त्यापुढे ४. गाडी २७० ग्रॅमची धरली तर ४० + ४४ + ५० + ५८ + ६८ + ३०० = ५६० युरो. एकूण ६६२. तुमच्या गाडीचा नेमका आकडा नोंदणीपत्रात असेल, २७० च्या वर प्रत्येक ग्रॅमला ४ युरो वाढवा.

हीच गाडी फ्रान्समध्ये नव्यानं नोंदवली असती तर? २०२५ मध्ये १९२ ग्रॅमच्या वर गेलं की एकरकमी ७०,००० युरो, २०२६ साठी ८०,०००. जर्मनीत अख्खी मस्टँग साधारण तेवढ्यात किंवा त्याहून कमीत येते. नाकापेक्षा मोती जड. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ च्या दरानं २५५ ग्रॅमच्या वरच्या नव्या गाडीला पहिल्या वर्षी ५,४९० पाउंड होते. डेन्मार्कमध्ये नोंदणी कराचा वरचा टप्पा १५० टक्क्यांचा. 'युरोपीय बाजार' असं एक काही नाहीच, म्हणून विकावी का याचं उत्तरही देशागणिक बदलतं.

ताकदीबद्दल : सातव्या पिढीची जीटी अमेरिकेत ४८० अश्वशक्तीची, युरोपात ४४६ पीएसची (पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती). एकक वेगळं असलं तरी एवढा फरक त्यानं पडत नाही. धूर आणि आवाज युरोपच्या मर्यादेत आणताना ती ताकद जाते. जुलै २०२६ पासून आवाजाची मर्यादा सगळ्या नव्या मोटारींसाठी आणखी खाली येते. बाजारातला एक्झॉस्ट लावून ताकद परत मिळवायचा मोह होईल. त्यावर ई-चिन्ह, म्हणजे युरोपच्या मान्यतेची खूण, आणि तुमच्या मॉडेलचं मान्यतापत्र नसेल तर गाडीचा परवानाच रद्द ठरू शकतो आणि विमा अडतो.

अजून एक गोष्ट विक्रेता सांगत नाही. गाडी आरशांसकट सुमारे २.०८ मीटर रुंद आहे. आउटोबानवर, म्हणजे जर्मन महामार्गावर, दुरुस्ती चालू असते तिथे डाव्या लेनवर २ किंवा २.१ मीटरची पाटी असते, आणि ती मर्यादा आरसे धरून असते. २ मीटरची पाटी दिसली की उजवीकडेच राहा. थंडीत टायरवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह हवं. ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं एम+एस (चिखल आणि बर्फ) हे चिन्ह चालत नाही, आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या एवढ्या ताकदीच्या गाडीला ते तसंही पुरत नाही.

प्रश्न : अमेरिकेतल्या लिलावात २०१९ ची डॉज चॅलेंजर ५.७ फार स्वस्त दिसते. म्युनिकला आणून नोंदवायची तर काय काय बदलावं लागेल?
– एक वाचक, म्युनिक

उत्तर : आधी ती स्वस्त का आहे ते बघा. गाडीच्या मालकीच्या कागदावर, म्हणजे टायटलवर, 'सॅल्व्हेज' (अपघातात निकामी) किंवा 'फ्लड' (पुरात बुडालेली) असा शिक्का आहे का? व्हीआयएन, म्हणजे गाडीचा १७ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, टाकून गाडीच्या इतिहासाचे कारफॅक्स आणि ऑटोचेक दोन्ही अहवाल घ्या, एकात निसटलेलं दुसऱ्यात सापडतं. लिलावाचे मूळ फोटो मिळवा. एअरबॅग उघडलेल्या असतील तर त्या जागी काय बसवलंय हे बाहेरून कळत नाही, अशी गाडी सोडून द्या. पुरातली गाडी ओळखायला सीटच्या पट्ट्या टोकापर्यंत ओढून चिखलाची रेघ पाहा आणि सीटखालच्या प्लगांत हिरवट गंज पाहा. अशा गाडीत इलेक्ट्रॉनिक्स लगेच मरत नाही, वर्षभरानं एकेक मॉड्यूल बोलायचं बंद होतं. मग दुरुस्तीला अंत नाही.

आता नोंदणी. अमेरिकन गाडीला युरोपचं अनुरूपता प्रमाणपत्र नसतं, म्हणून टीयूव्ही किंवा डेक्रा या तपासणी संस्था तुमच्या एकट्या गाडीची स्वतंत्र तपासणी करतात. धुराची आणि तांत्रिक माहिती दाखवणारी पत्रिका आधी मिळते का ते विचारा. ती नसेल तर वेगळी धूर चाचणी करावी लागते आणि खर्च हाताबाहेर जातो.

खरं काम दिव्यांचं. अमेरिकेत मागचा ब्रेक आणि वळणाचा इशारा एकाच लाल दिव्यानं देता येतो, युरोपात इशारा पिवळा आणि वेगळा हवा. नुसता बल्ब बदलून भागत नाही, स्वतंत्र तार ओढावी लागते किंवा मॉड्यूलची प्रोग्रॅमिंग बदलावी लागते. पुढचा पार्किंग दिवा पांढरा हवा, अमेरिकन गाड्यांत तो बहुधा पिवळा असतो. हेडलाइटचा झोत वेगळ्या आकाराचा असतो आणि काचेवर ई-चिन्ह नसतं. झेनॉन असतील तर आपोआप उंची जुळवणारी यंत्रणा आणि धुण्याचे फवारेही लागतात. मागे लाल फॉग दिवा सक्तीचा. एकच लावणार असाल तर तो मध्ये किंवा डाव्या बाजूला, ब्रेकच्या दिव्यापासून १० सेंटीमीटरहून जास्त अंतरावर, आणि तो चालू असल्याची खूण डॅशबोर्डवर दिसली पाहिजे. तपासणीत गाड्या अडतात त्या बहुतेक इथेच. टायरवर गोलातलं ई नसेल तर तेही बदला.

टायरच्या हवेचे सेन्सर अमेरिकेतल्या अनेक गाड्यांत ३१५ मेगाहर्ट्झवर चालतात, युरोपात ४३३ वर. ३१५ च्या गाडीत टायरवाल्यानं स्थानिक सेन्सर घातला की डॅशबोर्डवरचा दिवा पेटलेला राहतो, आणि दोष सेन्सरचा असूनही सगळे टायरच तपासत बसतात. तुमच्या गाडीत कुठले आहेत ते आधी तपासा, ३१५ चे असतील तर त्यांचा संच सोबत मागवून ठेवा. रेडिओही एक स्टेशन सोडून एक पकडेल, कारण तिकडे केंद्रांमधलं अंतर ०.२ मेगाहर्ट्झ असतं.

रिकॉलची पत्रं तुम्हाला येणार नाहीत. अमेरिकी वाहन सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर व्हीआयएन स्वतःच तपासत राहा. नोव्हेंबर २०२२ मध्ये ताकाता एअरबॅगच्या धोक्यामुळे जुन्या चॅलेंजर आणि चार्जर चालवूच नका असं कंपनीनं कळवलं, तेव्हा युरोपात खासगीरीत्या आलेल्या गाड्यांच्या मालकांना ते शोधूनच काढावं लागलं. तुम्ही २०१९ ची म्हणता म्हणून हा विशिष्ट धोका नाही, पण पुढच्या वेळी कुणी कळवणार नाही.

आयातशुल्क २०२५ मध्ये १० टक्के होतं, आणि त्यावर १९ टक्के व्हॅट. ऑगस्ट २०२५ च्या संयुक्त निवेदनात युरोपीय संघानं अमेरिकी औद्योगिक मालावरचं शुल्क काढायचं आणि दोघांनी एकमेकांची वाहनमानकं मान्य करायचं म्हटलंय. त्या भरवशावर गाडी जहाजात चढवू नका. ती उतरेल त्या दिवशी लागू असलेला दर मोजा. आणि हे सगळं करून वॉरंटी शून्य. आमचं मत : तेवढ्या पैशात जर्मनीतच विकली गेलेली, सर्व्हिसची नोंद असलेली मस्टँग घ्या.

प्रश्न : उजव्या स्टिअरिंगची शेवरोले कमॅरो ब्रिटनमध्ये कुठे मिळेल?
– एक वाचक, लंडन

उत्तर : कारखान्यातून कधीच निघाली नाही. जी दिसते ती नंतर कापून जोडलेली. स्टिअरिंगचा रॅक, पेडलं, फायरवॉल आणि एअरबॅग हलवलेली गाडी घेऊ नका. डाव्या स्टिअरिंगची ब्रिटनमध्ये कायदेशीर आहे, तीच बरी. कमॅरो आणि चॅलेंजर दोन्हींचं उत्पादन डिसेंबर २०२३ मध्ये संपलं.

प्रश्न : १९६६ ची मस्टँग २८९ (२८९ घनइंचांच्या इंजिनची) अमेरिकेतून फ्रँकफर्टला आणायची आहे. वाहतुकीसह ४०,००० युरो. कर आणि तपासणीबद्दल सांगा.
– एक वाचक, फ्रँकफर्ट

उत्तर : तीस वर्षांहून जुनी, मूळ अवस्थेतली आणि उत्पादन बंद झालेल्या मॉडेलची गाडी सीमाशुल्कात संग्राह्य वस्तू म्हणून ९७०५ या शीर्षकाखाली येते. शुल्क शून्य, व्हॅट ७ टक्के, म्हणजे २,८०० युरो. साधी मोटार धरली गेली तर १० टक्क्यांच्या दरानं ४,००० शुल्क आणि ४४,००० वर १९ टक्के म्हणजे ८,३६०, एकूण १२,३६०. फसगत अशी होते : विक्रेता मोठ्या अभिमानानं 'नवं फ्युएल इंजेक्शन, नवे डिस्क ब्रेक, नवं स्टिअरिंग' लिहितो, आणि तेच वाचून कस्टम्स सवलत नाकारतं. मूळ गाडी आणा, सुधारणा नंतर करा.

ती सुधारणा ब्रेकपासून सुरू करा. १९६६ पर्यंत मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेकचं तेल दाबणारा भाग, एकाच सर्किटचा होता, एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. दोन सर्किटचा १९६७ ला आला, तो या गाडीत बसवता येतो. उत्पादनानंतरच्या दहा वर्षांत प्रचलित असलेला बदल जर्मनीत जतन केलेल्या जुन्या गाड्यांना मिळणाऱ्या एच क्रमांकाला सहसा आड येत नाही. एच मिळाला की वर्षाला सरसकट १९१.७३ युरो कर आणि शहरांच्या पर्यावरण क्षेत्रात मोकळीक.

गंज पाहायचा तो आधी काउलमध्ये, म्हणजे पुढच्या काचेखालच्या पत्र्याच्या पोकळीत. बॉनेटमागच्या जाळीतून दोन-तीन लिटर पाणी ओता आणि डॅशबोर्डखाली टॉर्च धरा. पायाशी थेंब आले तर आतला पत्रा सडलाय. तो बदलायला बराच पुढचा भाग उघडावा लागतो. मग सांगाड्याचे भाग पाहा : पुढचे शॉक टॉवर, टॉर्क बॉक्स आणि मागचे फ्रेम रेल. चकचकीत रंगाखाली जाड पुट्टी असली तर चुंबक चिकटत नाही.

पेट्रोल ई-१० नको, इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचा पंप डायफ्राम खातं. सुपर प्लस ९८, ई-५ घाला आणि सगळ्या नळ्या एसएई जे३० आर९ दर्जाच्या लावा. हे इंजिन शिसंयुक्त पेट्रोलच्या काळातलं. बिनशिशाच्या पेट्रोलवर सतत जोरात चालवलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजून व्हॉल्व्ह आत रुतत जातो. हायड्रॉलिक लिफ्टर ती झीज बराच काळ भरून काढतात, त्यामुळे आवाजावरून कळत नाही. दरवर्षी कॉम्प्रेशन मोजा. हेड कधी उतरवावंच लागलं, तर आठही एक्झॉस्ट सीट कडक धातूच्या बसवून घ्या. फक्त त्यासाठी इंजिन उघडू नका.

प्रश्न : भाऊ ब्रिटनहून कायमचा परत येतोय. त्याची उजव्या स्टिअरिंगची मस्टँग भारतात आणता येईल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी नसावी, किमान पाच वर्षं रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र हवं, वेगमापक किलोमीटरचा हवा आणि ती मुंबई बंदरातूनच येऊ शकते. सगळे कर मिळून गाडीच्या किमतीहून जास्त होतात. फोर्डनं २०१६ मध्ये हीच गाडी भारतात सुमारे ६५ लाखांना आणली होती; त्यातली चांगली ठेवलेली एखादी इथेच शोधावी. भावाला ब्रिटनमधली तिथेच विकायला सांगा.