दाताच्या डॉक्टरांकडे जाते, असं सांगून

मी समुपदेशक आहे. माझ्याकडे आलेल्या एक बाई पहिल्या भेटीत खुर्चीवर नीट टेकायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, घरी मी दाताच्या डॉक्टरांकडे जाते म्हणून सांगितलंय. चुकून कुणी फोन करून विचारलंच तर..."

कुणीही विचारलं तरी तुम्ही इथे येता हेसुद्धा मी सांगणार नाही, असं मी त्यांना सांगितलं. याला मुख्य अपवाद एकच. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं, तर मला गप्प राहता येत नाही. पण तेव्हाही शक्यतो आधी तुमच्याशीच बोलेन. हे ऐकल्यावर त्यांनी मांडीवर घट्ट धरलेली पर्स बाजूला ठेवली.

भेटीआधी भरायच्या फॉर्मवर 'येण्याचं कारण' असा एक रकाना असतो. तिथे त्यांनी काहीतरी लिहून खोडलं होतं. मग 'झोप' लिहिलं होतं, तेही खोडलं होतं. शेवटी अगदी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'विशेष काही नाही'.

वय ३८, नोकरी, दोन मुलं, समजूतदार नवरा. (हे सगळं त्यांच्या परवानगीने लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.) पुढची पंधरा मिनिटं त्या मला आपल्याला काहीही झालेलं नाही, हेच पटवून देत होत्या. घरात भांडण नाही, पैशाची चणचण नाही, कुणी गेलेलं नाही. "लोकांना केवढी मोठी दुःखं असतात. मी उगाच तुमचा वेळ घेतेय." मग मी विचारलं, रात्री किती वाजता जाग येते? त्या थांबल्या. "तीनला. रोज. मग सकाळपर्यंत डोक्यात उद्याची यादी चालू." आणि रडायलाच लागल्या.

हा अनुभव लिहायचं कारण म्हणजे मला सतत विचारला जाणारा एक प्रश्न: "माझा त्रास एवढा मोठा नाही, मग समुपदेशकाकडे कशाला जायचं? आणि कुणाला कळलं तर?" पूर्वी लोकांना अडवायचा तो 'वेडा' हा शब्द. तो अजून संपलेला नाही. पण माझ्याकडे येणाऱ्यांना आता त्याहून जास्त अडवतो तो 'एवढ्याशासाठी?' हा प्रश्न. मनाच्या बाबतीत आपण आधी दुःखाचा पुरावा मागतो, स्वतःकडेसुद्धा. दाताला थंड लागलं तरी आपण दाखवून येतो. कीड मुळापर्यंत गेल्याशिवाय येऊ नका, असं कुठला दंतवैद्य म्हणतो?

त्यांनीही नेमकं हेच विचारलं, "आजार नाही, तर उपचार कशाचा?" जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ पासून लागू आहे. तिच्यात आरोग्य म्हणजे केवळ आजार नसणं नव्हे, तर शरीर, मन आणि सामाजिक आयुष्य या तिन्ही बाबतींत ठीक असणं, असंच म्हटलेलं आहे. मी त्यांना एवढंच म्हणाले, की रोज तीनला जाग येते आणि मुलांवर ओरडल्याचं वाईट वाटून पुन्हा झोप लागत नाही, हे कारण पुरेसं आहे. याहून मोठं काही घडायची वाट बघायची गरज नाही.

औषधांची भीतीही होती, एकदा सुरू झाली की जन्मभर चिकटतील म्हणून. औषध देण्याचं काम मानसोपचारतज्ज्ञांचं, ते वैद्यकीय डॉक्टर असतात. समुपदेशक औषध देत नाही. गरज वाटली तर त्यांच्याकडे जायला सुचवतो, आणि तिकडे गेलं तरी गोळ्या कायमच्याच असतात असं नाही. या बाईंना मी आधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यायला सांगितलं, कारण थकवा आणि चिडचिड तिथूनही येऊ शकते. रिपोर्ट ठीक आले. मग आम्ही कामाला लागलो.

काम म्हणजे काय, हेही सांगते, कारण बाहेरून ते फार गूढ वाटतं. दर आठवड्याला साधारण पन्नास मिनिटं. झोपेसाठी साधे नियम: उठायची वेळ रोज एकच, जाग आल्यावर घड्याळ बघायचं नाही, वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर अंथरुणातून उठून मंद उजेडात काहीतरी शांत करायचं आणि डोळे जड झाले की परत यायचं. उद्याची यादी संध्याकाळी ठरलेल्या वेळी वीस मिनिटं बसून कागदावर उतरवायची.

आणि एक वही. तिच्यात तीन रकाने: काय घडलं, मनात काय आलं, काय वाटलं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचार मांडला, त्यातलं हे साधन. घटना आणि भावना यांच्यामध्ये आपला एक समज बसलेला असतो, आणि त्रास वाढवतो तो बहुतेक वेळा तोच, असं ते सांगत. मराठीत हा समज शोधायला मला एका अक्षराची फार मदत होते. तिसऱ्या भेटीत वही उघडून मी त्यांना म्हटलं, यात 'च' कुठे कुठे आहे ते बघा. त्या पेन घेऊन गोल करत गेल्या. 'मला सगळं जमलंच पाहिजे.' 'मुलांसमोर आवाज चढताच कामा नये.' 'मदत मागायची वेळ येताच कामा नये.' एका पानावर अकरा गोल झाले. बराच वेळ त्या नुसत्या त्या पानाकडे बघत राहिल्या.

'च' काढून तेच वाक्य पुन्हा लिहायचं. 'सगळं जमलं तर मला आवडेल. नाही जमलं तर वाईट वाटेल, पण ते मला सोसता येईल.' वाचायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात ते मनाला पटायला आठवडे जातात, आणि मधल्या एका आठवड्यात त्या वही न लिहिताच आल्या, कारण ती 'नीट' लिहून होत नव्हती. तिथेही 'च' होताच.

पाचव्या भेटीच्या सुमारास त्यांना दाताचंच ओझं व्हायला लागलं. नवरा विचारायचा, अजून किती दिवस चालणार? प्रत्येक वेळी नवं उत्तर रचायचं. खासगी गोष्ट आणि गुपित यांत फरक आहे, असं मी मानते. खासगी गोष्ट आपण आपल्या मर्जीने जवळ ठेवतो. गुपिताची राखण करावी लागते आणि त्यात आधीच कमी असलेली ताकद जाते. समुपदेशनाला जाता हे कुणालाही सांगायची सक्ती नाही, ऑफिसात तर नाहीच. पण घरात एक माणूस तरी असावा ज्याच्याशी याबद्दल खोटं बोलावं लागत नाही. तो नवरा किंवा बायकोच असायला हवी असंही नाही.

त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो आधी गप्प झाला, मग म्हणाला, "माझं काही चुकतंय का?" ही शक्यता त्यांनी धरलीच नव्हती. घरातलं माणूस बाहेर जाऊन बोलतंय म्हटल्यावर जवळच्यांना पहिला धक्का बहुतेकदा असाच बसतो, की आपण कमी पडलो. त्या म्हणाल्या, "तुझ्याबद्दल तक्रार करायला नाही जात. स्वतःबद्दल बोलायला जाते." रात्री झोपताना त्याने विचारलं, "म्हणजे दात खरंच दुखत नाहीये ना?" महिनाभर तो त्या दाताची काळजी करत होता. हे मला सांगताना त्यांचा गळा दाटून आला. "काळजी करणारं माणूस होतं हो. मी त्याला चुकीची जागा दाखवली होती."

आठ भेटींत आम्ही थांबलो. जाग अजून अधूनमधून येते, पण पुन्हा झोप लागते. तीन महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा फॉर्मवर कारण लिहिलं होतं, 'विशेष काही नाही, बोलायचंय'. खाडाखोड नव्हती.

सगळ्यांचं आठ भेटींत भागत नाही. काहींना पहिला समुपदेशक जुळत नाही. तो उपदेशच करत बसला, किंवा तुमच्यापेक्षा स्वतःबद्दल जास्त बोलला, तर खुशाल बदला. आणि दोन आठवडे रोज, दिवसभर मन खाली राहत असेल, भूक गेली असेल, किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर वेळ मिळेल तेव्हा बघू म्हणू नका. लगेच डॉक्टरांकडे जा, आणि कुणाला तरी सोबत घ्या.

बाकीच्यांसाठी, पहिला फोन करताना कारण सांगायला शब्द सापडले नाहीत तरी चालतं. आमच्याकडे कितीतरी जण "बोलायचंय, वेळ हवी होती" एवढंच म्हणतात, आणि तेवढ्यावर वेळ मिळते.