'गेल्या वेळी काही झालं नव्हतं'

प्रिय डॉक्टर,

दवाखान्याच्या पाटीचा फोटो पाहिला. गोठे सोडून फक्त कुत्र्यामांजरांचं बघायचं ठरवलंस त्यावर माझं मत तू विचारलेलं नाहीस, तेव्हा देत नाही. विचारलंस ते कुत्र्याने चॉकलेट खाल्लं तर काय करायचं याचं. बरोबर वेळेला विचारलंस. दिवाळी तोंडावर आहे, घराघरांत भेटीचे डबे येतील आणि रात्री साडेदहाला तुझा फोन वाजेल. आपल्या विषबाधेच्या अभ्यासात युरिया, कोवळी ज्वारी आणि कीटकनाशकं यांना भरपूर जागा होती, चॉकलेटला जेमतेम. शहरात बसलीस की हे प्रमाण उलटं होतं.

फोन साधारण असा येतो: "डॉक्टर, कुकीने चॉकलेट खाल्लंय. काही होत नाही ना? गेल्या वेळी पण खाल्लं होतं, तेव्हा काही झालं नव्हतं."

यातल्या शेवटच्या वाक्याला घाबर. मालक खोटं बोलत नसतो. गेल्या वेळी खरंच काही झालेलं नसतं, कारण तेव्हा तीस किलोच्या लॅब्राडॉरने पन्नास ग्रॅमचं मिल्क चॉकलेट पळवलेलं असतं. मिल्क चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये थिओब्रोमिन, म्हणजे कोकोतलं कुत्र्याला बाधणारं द्रव्य, साधारण २ मिलिग्रॅम. म्हणजे पोटात गेलं १००, किलोमागे साडेतीनच्या आत. एवढ्याने लॅब्राडॉरला काय होणार? फार तर पोट बिघडेल. पण तेवढ्यावरून घरात ठरून जातं की आमच्या कुत्र्याला चॉकलेट चालतं. मग वर्षभराने अमेरिकेहून आलेला भाचा सत्तर-पंच्याऐंशी टक्के कोकोचा बार टीपॉयवर ठेवतो. त्यात ग्रॅमला ८ मिलिग्रॅमपर्यंत असतं. घरातलं दुसरं कुत्रं चार किलोचं पॉमेरेनियन. शंभर ग्रॅमचा बार संपला तर किलोमागे २००. चॉकलेट हा शब्द दोन्ही वेळा तोच, आणि त्यानेच सगळा घोटाळा होतो.

म्हणून दरवर्षी फिरणारे ते 'एक तुकडा खाल्ला तरी कुत्रा दगावतो' छापाचे मेसेज मला अजिबात आवडत नाहीत. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण एक तुकडा खाऊन कुत्रं धडधाकट राहिलं की माणसाचा पुढच्या खऱ्या इशाऱ्यावरही विश्वास उरत नाही. तू मालकाला आकडा सांग. आकड्याने माणूस विनाकारण घाबरतही नाही आणि गाफीलही राहत नाही.

आकडे पाठ कर, फोनवर पुस्तक उघडायला वेळ नसतो. किलोमागे २० मिलिग्रॅमला उलट्या, जुलाब, तहान, बेचैनी. ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडतात. ६० ला झटके. १०० च्या पुढे जिवाची खात्री देऊ नकोस. हे सरासरीचे आकडे आहेत. म्हातारं किंवा हृदयाचा त्रास असलेलं कुत्रं आधीच्या पायरीवरही कोसळू शकतं. पदार्थांचं म्हणशील तर पांढऱ्या चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन जवळजवळ नाही, साध्या डार्कमध्ये ग्रॅमला ५ च्या आसपास, बेकिंगच्या बिनसाखरेच्या लादीत १४-१५, आणि कोको पावडरीत २० पासून २८ पर्यंत. कॅफीन असतं ते वेगळं, प्रमाणाने कमी पण त्याच वळणाचं.

पावडरीकडे जरा जास्त लक्ष दे. हल्ली प्रत्येक सोसायटीत केक करून विकणाऱ्या एकदोघी असतात. ओट्याखालच्या ट्रॉलीत कोकोचं उघडं पाकीट, आणि घरात बीगल. दहा किलोच्या बीगलने पन्नास ग्रॅम पावडर चाटली तर कमीत कमी हिशेबानेही किलोमागे १०० होतात. मालकीणबाई मात्र फोनवर म्हणतात, "चॉकलेट नाही हो, नुसती पावडर होती." कंपाउंडच्या (कोको बटरऐवजी वनस्पती तेल घातलेल्या स्वस्त चॉकलेटच्या) लाद्यांचं तर आणखी अवघड, कारण कोको किती ते कंपनीगणिक बदलतं. वेष्टनाचा फोटो मागव. कोको सॉलिड्सची टक्केवारी दिसली तर हिशेब कर, नाही दिसली तर सरळ डार्क धरून चाल.

तर विचारायचं ते या क्रमाने: कुठलं, वेष्टनावर वजन किती, त्यातलं उरलं किती, कुत्र्याचं वजन किती, आणि शेवटचं धड पाहिलं होतं ते किती वाजता. "आत्ताच खाल्लं" यावर विसंबू नकोस. आत्ताच कळलेलं असतं, खाल्लेलं कधी ते कुत्र्यालाच माहीत. घरात दोन कुत्री असतील तर सगळं एकानेच खाल्लंय असं धरून दोघांचा वेगवेगळा हिशेब मांड.

यावर उत्तर येतं, "पण तो मस्त खेळतोय." खेळणारच. लक्षणं बहुतेक वेळा सहा ते बारा तासांनी दिसायला लागतात. माणसाच्या शरीरातून थिओब्रोमिन काही तासांत निम्मं होतं, कुत्र्याला त्याच कामाला साडेसतरा तास लागतात. म्हणून त्रास सुरू झाला की तीन दिवसांपर्यंत लांबू शकतो, आणि म्हणूनच पहिले तास आपल्या बाजूचे असतात. चॉकलेट पोटात वितळून चिकट गोळा होऊन बसतं, लवकर पुढे सरकत नाही. खाऊन चार तास झाले असले तरी, कुत्रं शुद्धीवर आहे, थरथर नाही, तर उलटी करवण्यात अर्थ आहे. उलटी करवणारं अपोमॉर्फिन कपाटात आहे का आणि त्याची मुदत काय, हे आजच बघ. रात्री अकराला शोधायची वस्तू नाही ती.

उलटी मोरीत लोटून देऊ नकोस. ट्रेमध्ये घे, हातमोजा घालून चिवड. काळपट तपकिरी चिकटा, दवाखानाभर गोड वास, आणि त्यात चांदीचा कागद, प्लास्टिक, एखादी रिबनसुद्धा. किती बाहेर आलं याचा अंदाज तिथेच येतो. रिबन फोनवर कुणी सांगितलेली नसते, आणि ती आतच राहिली तर चार दिवसांनी आतडं अडकून तेच कुत्रं परत तुझ्या टेबलावर.

त्याच चिकट्यात बेदाणे दिसले तर हिशेब बाजूला ठेव. फ्रूट अँड नट म्हणजे मालकाच्या दृष्टीने जरा पौष्टिक चॉकलेट, पण बेदाण्यांनी मूत्रपिंड जाऊ शकतं आणि त्याला थिओब्रोमिनसारखी किलोमागची सुरक्षित रेघ नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुविष-तज्ज्ञांनी द्राक्षांमधल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, तेव्हा चिंचेचा कोळ संपवून आलेल्या कुत्र्याचीही मूत्रपिंडं तपास. 'शुगर फ्री' चॉकलेट असेल तर साखरेऐवजी झायलिटॉल घातलं आहे का वाच. त्याने अर्ध्या-पाऊण तासात रक्तातली साखर कोसळते, तिथे घाई वेगळ्या जातीची.

घरचे उपाय होऊनच लोक येतात. दूध पाजलेलं असतं, तूप भरवलेलं असतं, ते एकवेळ ठीक. मीठपाणी मात्र फोनवरच, पहिल्या मिनिटाला बंद कर. उलटी झाली नाही तर ते सगळं मीठ रक्तात जातं आणि कुत्र्याला सोडियमचे झटके येतात; मग दोन विषं निस्तरत बस. जखमेवरचं हायड्रोजन पेरॉक्साइड कुणी इंटरनेटवर वाचून पाजलं असेल तर किती पाजलं ते विचार, रागावू नकोस. रागावलीस की पुढची खरी माहिती मिळत नाही.

चारकोल, म्हणजे विष धरून ठेवणारी कोळशाची पूड, दे, पण माणसांच्या औषधदुकानातल्या दोन गोळ्यांनी काही साधत नाही. किलोमागे ग्रॅमभर तरी लागतो, म्हणजे पावडर कालवूनच. थिओब्रोमिन पित्तातून आतड्यात उतरून पुन्हा शोषलं जातं, म्हणून गंभीर केसमध्ये चारकोल परत परत देतात. पाणी कमी पडू देऊ नकोस, सोडियमवर नजर ठेव. मूत्राशयातूनही थिओब्रोमिन परत रक्तात जातं. सलाईन लावून निवांत झोपवलेलं कुत्रं स्वतःचंच विष पुन्हा पीत असतं. दर दोन-तीन तासांनी फिरवून आण, नसेल जमत तर लघवीसाठी कॅथेटर घाल. उतारा नाही, तेव्हा बाकी सगळं लक्षणांप्रमाणे: झटक्यांना डायझेपाम, धावत्या हृदयाला बीटा ब्लॉकर. आपल्याकडे काहीही झालं की डेक्सा (डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड) टोचायची सवय आहे, ती इथे आवर. स्टेरॉइडने आणि एरिथ्रोमायसिनने हे विष शरीराबाहेर पडायला उलट उशीर होतो.

पांढऱ्या चॉकलेटवाल्यांना 'विष नाही' म्हणून लगेच सोडून देऊ नकोस. तेवढ्या तुपकट मालाने एक-दोन दिवसांनी स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. पाठ कमानीसारखी करून उभं राहिलं, खाणं सोडलं, तर लगेच घेऊन या, असं कागदावर लिहून दे. तोंडी सांगितलेलं दिवाळीच्या गडबडीत कुणाच्या लक्षात राहत नाही.

आणि भटक्यांचं. वाढदिवसाचा उरलेला ट्रफल केक सोसायटीच्या फाटकापाशी ठेवायची पद्धत पडली आहे, भूतदया म्हणून. त्या कुत्र्यांना रात्री झटके आले तर फोन करणारं कुणी नसतं, सकाळी सगळे 'कुणीतरी विष घातलं' म्हणून मोकळे. तुझ्या भागात रोज खाऊ घालणाऱ्या ज्या बायका आहेत त्यांना एकदा चहाला बोलाव. त्यांनी फाटकावरच्या वॉचमनला सांगितलेलं जितकं चालतं, तितकं तुझं पोस्टर चालणार नाही.

वजनकाटा दाखल्याच्या वजनाने तपासून घेतलास का? चार किलोच्या कुत्र्यात अर्ध्या किलोची चूक म्हणजे आख्खा हिशेब वरच्या पायरीवर नाहीतर खालच्या. केसपेपरवर चॉकलेटचा प्रकार, ग्रॅम आणि वेळ लिहायला वेगळी ओळ छापून घे. पाडव्याच्या रात्री मी जागाच असतो, अडलं तर फोन कर, पण आधी आकडा काढून ठेव, तोच मी पहिला विचारेन.

तुझा,
सर