मुंबईजवळच्या तलाव-धरणांच्या काठी चालायला आणि पक्षी बघायला कुठे जावं?

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टमध्ये मोठ्या हौसेने तानसा धरणावर गेलात, पाणीच पाणी पाहिलं, चार बगळे दिसले आणि चिखल तुडवून परत आलात. तर चालणंही होईल आणि पक्षीही दिसतील अशी दुसरी जागा कोणती? माझ्या मते जागा चुकलीच नाही, महिना चुकला.

जुलै लागला की पेपरात बातम्या सुरू होतात: तुळशी भरला, विहार ओसंडला, मग मोडकसागर, तानसा. आपण लगेच सांडवा बघायला पळतो. पण काठोकाठ भरलेल्या धरणात शेकाट्याने (लांब पायांचा पक्षी) किंवा चमच्याने (चमच्यासारख्या चोचीचा पक्षी) उभं कुठे राहायचं? त्यांना हवं वीतभर पाणी, खाली मऊ गाळ आणि गाळात किडे, गोगलगायी. हे सगळं पाणी उतरायला लागलं की उघडं पडतं, साधारण डिसेंबरनंतर. हिवाळी पाहुणे बदकंही तोवर आलेली असतात. दुसरं म्हणजे आपण जातो थेट भिंतीपाशी, जिथे पाणी सर्वांत खोल. पक्षी असतात दुसऱ्या टोकाला, फुगवट्यात, जिथे नदी धरणात शिरते. नकाशात आधी तो भाग शोधा, भिंत नंतर.

याच कारणाने भंडारदरा मी पक्ष्यांसाठी कुणाला सुचवत नाही. 1926 मध्ये पूर्ण झालेलं ते धरण देखणं आहे, पण डोंगर सरळ पाण्यात उतरतात, उथळ काठ फारसा नाहीच. मे अखेरीला काजवे बघायला जरूर जा (गर्दीची तयारी ठेवून).

मला एकच जागा निवडायला सांगितली तर नांदूर मध्यमेश्वर, निफाड तालुका, नाशिक जिल्हा. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ जुना बंधारा आहे. शंभरेक वर्षांत तो गाळाने इतका भरला की साठवणुकीच्या हिशोबात त्याचं काही खरं नाही, पण त्याच गाळाची बेटं झाली, त्यावर पाणकणीस माजलं आणि पक्षी आले. जानेवारी 2020 मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. चापडगावच्या बाजूने शिरलात की पाण्याच्या कडेने झाडीतून चालत पक्षी बघण्याच्या एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर जाता येतं. चालायची आवड असेल तर भिगवणपेक्षा (त्याचं पुढे सांगतो) हे बरं, भिगवणला सगळा खेळ होडीचा.

मागच्या जानेवारीत तिथल्या मनोऱ्यावरून मी अर्धा तास फक्त एक चमचा बघत होतो. चोच थोडी उघडी ठेवून पाण्यात बुडवायची आणि मान डावीकडून उजवीकडे, विळ्याने गवत कापावं तशी. चोचीला काही लागलं की खट्कन मिटायची, मान वर, गट्टम. शेजारी वारकरी नावाचे पाणपक्षी, म्हणजे काळे, पांढऱ्या कपाळाचे, शे-दीडशेच्या घोळक्यात चरत होते. वरून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आला आणि सगळा घोळका पाण्यावर पाय आपटत धावत सुटला. तो आवाज टाळ्यांसारखा येतो. मुंबईहून सकाळची गाडी धरलीत तर पोहोचेपर्यंत ऊन चढतं, म्हणून आदल्या रात्री नाशिकला किंवा निफाडला मुक्काम करा.

भिगवण म्हणजे उजनी धरणाचा फुगवटा, पुणे-सोलापूर रस्त्यावर. मुंबईहून लांब आहे, एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट करू नका. पाणी आवर्तनांना, म्हणजे शेतीच्या पाळ्यांना, सुटत जातं तसा काठ मागे सरकतो, मोकळ्या जमिनीवर लोक गाळपेर (गाळात पेरणी) करतात आणि उथळ पाण्यात फ्लेमिंगो, पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेला हंस), चित्रबलाक (रंगीत करकोचा) उतरतात. कुंभारगाव, डिकसळला स्थानिक मच्छीमार होडीतून फिरवतात. नावाड्याला आधीच सांगा की थव्यात होडी घालू नको, फोटोसाठी उडवू नको. जेवायला चिलापी माशाचं कालवण मिळतं, ते सोडू नका.

इथेच माझी फजिती झाली होती. होडीला वेळ होता म्हणून काठाने चालत निघालो. जमीन वाळलेली, भेगा पडलेली, मला वाटलं टणक आहे. दहाव्या पावलाला पाय गुडघ्यापर्यंत आत. वरून पापुद्रा, खाली लोणी. शेतातून एक आजी ओरडल्या, "अवो, तिकडं कुठं चाललाव? गाळ हाय त्यो!" पाय निघाला, चप्पल अजून उजनीत आहे. तेव्हा जिथे गुरांची पावलं दिसतात तिथूनच चाला आणि बूट घाला.

फक्त फ्लेमिंगोच बघायचे असतील तर इतक्या लांब जायची गरज नाही. ऐरोली, नेरूळ, भांडुप पंपिंग स्टेशन, सगळी ठाणे खाडी तुमच्या दारात आहे.

शहरातल्या तलावांचं थोडक्यात. विहार (1860) आणि तुळशी (1879) हे पिण्याच्या पाण्याचे, राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातले, परवानगीशिवाय आत जाता येत नाही. कुणी मागच्या वाटेने नेतो म्हणाला तर जाऊ नका, तिथे बिबटे आहेत आणि पाण्यात मगरी. पवईला मात्र रस्त्यावरून जाता येतं. जलपर्णी आणि सांडपाण्याने तलावाची रया गेली आहे, तरी कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी हमखास. थंडीच्या सकाळी मगर काठावर जबडा उघडून ऊन खात पडलेली दिसू शकते. पाहिल्यावर आधी ओंडकाच वाटते. याच काठाने केलेला सायकल मार्ग 2022 मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला.

आणि तुमचं तानसा. तिथे पुन्हा जा, पण पाण्याकडे पाठ करून. भोवतीचं सागाचं जंगल अभयारण्य आहे आणि त्यात वनपिंगळा आहे. हे घुबड 1884 नंतर 113 वर्षं कुणाला सापडलं नव्हतं, 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसलं आणि 2014 मध्ये चक्क तानसात. ते दिवसाही वावरतं. आटगाव स्टेशनला उतरा, वनखात्याची परवानगी घ्या, गाववाला वाटाड्या घ्या. पानगळ झाली की फांद्या मोकळ्या होतात, फेब्रुवारी बरा. दिसेलच असं नाही, मला तीन खेपांत एकदा दिसलं, तेही पाठमोरं.