आझाद मैदानावरची दाटी

प्रश्न : माझा नातू आझाद मैदानावर शालेय क्रिकेट खेळतो. परवा त्याचा सामना पाहायला गेलो, तर त्याच्या पाठीशी शेजारच्या सामन्यातला क्षेत्ररक्षक उभा आणि आलेला चेंडू कोणत्या सामन्याचा, हे ओरडून विचारावे लागत होते. इतक्या दाटीने खेळपट्ट्या आखल्या तरी कोणी?
– एक आजोबा, गिरगाव

उत्तर : क्रिकेटसाठी ही जागा मुळात कोणी आखलीच नव्हती, ती मोकळी राहिली ती तोफांमुळे. कोटावर चालून येणाऱ्या शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून इंग्रजांनी तटाबाहेर एस्प्लनेड नावाचे विस्तीर्ण पटांगण राखले होते, आणि १८६० च्या दशकात तटबंदी पाडली गेल्यावर त्याचे जे तुकडे उरले, तेच आजचे आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज.

पारशी तरुणांनी १८४८ मध्येच आपला ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला होता. पुढे हिंदू मुलेही या पटांगणावर खेळू लागली. १८७५ मध्ये बॉम्बे जिमखाना स्थापन झाला, त्याचे दार मात्र फक्त युरोपीयांना उघडे होते. तिथले साहेब स्वतःची हिरवळ जपून ठेवत आणि पोलो खेळायला एतद्देशीयांच्या भागात घोडे घालत. टापांनी उखडलेल्या जमिनीवर चेंडू कसा उसळेल याचा नेम राहत नसे. याविरुद्ध १८८० च्या दशकात पारशी आणि हिंदू खेळाडूंनी सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. बॅट हाती धरायला साहेबाकडूनच शिकलेल्यांनी साहेबालाच जाब विचारावा, हे मला त्या काळातल्या कोणत्याही सामन्याहून रंगतदार वाटते. पुढे पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांना समुद्रालगत स्वतंत्र जागा मिळाल्या.

ज्यांना जिमखान्याची ऐपत नव्हती, असे क्लब मैदानातच राहिले. प्रत्येकाने आपापला तंबू ठोकला, आपापली खेळपट्टी राखली, आणि अशा २२ खेळपट्ट्या एकमेकींच्या सीमारेषा ओलांडत तेथे नांदू लागल्या. त्यामुळे आपल्या नातवामागचा तो क्षेत्ररक्षक घुसखोर नव्हे. त्याच्या क्लबच्या हिशेबाने तो स्वतःच्याच मैदानात उभा होता. १९४८ पासून भर पावसाळ्यात रंगणाऱ्या कांगा लीग या मुंबईतल्या क्लबांच्या स्पर्धेचे सामने पाहायला एकदा अवश्य जा. तेव्हा चेंडू कोणाचा, हे चिखलामुळे रंगावरूनही ओळखता येत नाही.